जुन्या बॅटरीतली खाण

इन्व्हर्टरची नाहीतर ट्रॅक्टरची बॅटरी बदलायला गेलात की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "जुनी आणलीय का?" जुनी दिली की नवीचा भाव कमी होतो. बंद पडलेल्या डब्याला पैसे कशाचे मिळतात? आतल्या शिशाचे. या बॅटरीचं निम्म्याहून जास्त वजन शिशाचंच असतं.

हे शिसं आपल्या भागातलं नाही. देऊळगाव राजा असो की लोणार, आपण सगळे बेसाल्टवर, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हावर राहतो. या काळ्या दगडात विहीर खणता येते, शिशाची खाण नाही. देशातल्या खाणींतून निघणारं जवळजवळ सगळं शिसं राजस्थानातून येतं.

त्यातली एक जुनी खाण उदयपूरजवळ जावरला आहे. अरवलीच्या डोंगरात, डोलोमाइट खडकात शिसं आणि जस्त यांची खनिजं एकत्र सापडतात. जुन्या खाणीत मिळालेली लाकडं 2000 वर्षांहून जुनी निघाली. सुरुंग नव्हते, तेव्हा खडकाला आग लावून तापवायचे आणि तडे गेले की फोडायचे. जस्त काढणं त्याहून अवघड. ते 907 अंशांना उकळून वाफ होतं, म्हणून वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या ठेवून ती वाफ खाली थंड करायचे. वापरलेल्या मुशी रचून तिथल्या लोकांनी भिंती बांधल्या. 1980 च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंकसोबत या भट्ट्यांचा अभ्यास केला.

आता शिशाकडे या. ते फक्त 327 अंशांना वितळतं. म्हणजे त्यासाठी जावरचं कसब लागत नाही, घरामागची भट्टीही पुरते. आजची खरी अडचण इथेच आहे.

बॅटरी फोडायची, ॲसिड मातीत ओतायचं, प्लेटा उघड्यावर वितळवायच्या, असे धंदे देशात अनेक ठिकाणी चालतात. धुरावर आणि सांडपाण्यावर खर्च नाही, त्यामुळे असा माणूस भंगारवाल्याला चार पैसे जास्त देऊ शकतो. नियम पाळणारा कारखाना तिथेच मागे पडतो.

शिसं मात्र जळून संपत नाही. ते धुळीत बसतं, मातीत राहतं आणि लहान मुलांच्या हातातोंडातून पोटात जातं. ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत भागात ब्रोकन हिल या गावी 1883 मध्ये शिशा-चांदीचा साठा सापडला. त्या गावात आजही मुलांच्या रक्तातलं शिसं तपासावं लागतं. शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करण्याइतकं आहे.

मग सरकार काय करतंय? 2022 मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आले. बॅटरी विकणाऱ्या कंपनीनेच ती परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची, ही जबाबदारी त्यात आहे. वाहनांच्या बॅटरीतून परत मिळवायच्या धातूचं प्रमाणही ठरलंय: 2024-25 मध्ये 55 टक्के आणि 2025-26 पासून 60 टक्के.

कागदावर हे चांगलंच आहे. पण कंपनीचा हिशोब पोर्टलवर होतो, आणि तालुक्यातली बॅटरी आधी भंगाराच्या गाड्यावर चढते. मधल्या या टप्प्यावर कुणाची नजर आहे? भंगार म्हणजे कच्चा माल हे आपल्याला शिकवायला नको. शेजारच्या जालन्यात भंगार वितळवूनच सळ्या होतात. शिशाच्या बाबतीत फक्त वजनाचा भाव बघून चालत नाही, ते वितळतं कुठे हेही बघावं लागतं.

तुमच्या हातात काय आहे? नियमानुसार जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळी द्यायची जबाबदारी आपलीही आहे. म्हणून ती नवी विकणाऱ्या दुकानदारालाच द्या. "जुनी जमा" असं बिलावर लिहून घ्या आणि ती पुढे कुठे जाते, हेही विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर दुकानदारालाही कंपनीला विचारावं लागेल. नगर परिषदेनेही घंटागाडीच्या वेळापत्रकात महिन्यातून एक दिवस जुन्या बॅटऱ्यांसाठी ठेवायला हरकत नाही.

भंगारात दोनशे रुपये जास्त मिळत असतील तर एवढंच लक्षात ठेवा: ते दोनशे कुठल्या तरी वस्तीतल्या पोरांच्या रक्तातून येतात.