एकाच ट्रान्सपोर्टचे दोन ड्रायव्हर, अनुभव मात्र दोन टोकांचे

म्हसावदचा एक बावीस वर्षांचा मुलगा गेल्या महिन्यात आमच्याकडे आला. हेवी लायसन हातात पडून त्याला पंधरा दिवस झाले होते. एक ट्रान्सपोर्ट कंपनी त्याला गाडी द्यायला तयार होती. या कंपनीत काम केलेले दोन जण गावातच आहेत, म्हणून त्याने दोघांनाही विचारले. एक म्हणाला, "डोळे झाकून जा." दुसरा म्हणाला, "घरी उपाशी राहा, पण त्या गाडीवर चढू नको." मुलगा गोंधळला. त्याने आम्हाला विचारले, "दादा, दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?"

आम्ही दोघांनाही भेटलो. बसस्टँडजवळच्या टपरीवर एकाशी, तर दुसऱ्याशी त्याच्या घराच्या ओट्यावर बोललो. आमचे मत असे झाले की खोटे कोणीच बोलत नाही. कंपनी एक, फाटकावरचा बोर्ड एक, पण दोघांची नोकरी एक नव्हती. हा फरक नशिबाचा नाही, स्वभावाचाही नाही. तो कशामुळे पडतो हे आपल्या वस्तीतल्या आणि पाड्यांवरच्या तरुणांना कळणे गरजेचे आहे. शेतमजुरीतून बाहेर पडायला आपल्या भागात जे मोजके रस्ते आहेत, त्यातला ट्रकच्या केबिनमधून जाणारा एक मोठा रस्ता आहे.

दोघांचे म्हणणे

पहिले गृहस्थ पंचेचाळिशीचे. या कंपनीत त्यांना बारा वर्षे झाली. गाडी कंपनीच्या मालकीची आणि वर्षानुवर्षे त्यांच्याच हाती. पगार महिन्याला, भत्ता दिवसाला. माल सिमेंट आणि कारखान्याचा, मार्ग ठरलेला. गाडी कुठे तीन दिवस उभी राहिली तरी त्या तीन दिवसांचा भत्ता मिळतो. वडील आजारी होते तेव्हा मालकाने उचल दिली आणि ती थोडी थोडी करून कापली. त्यांचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर आहे, भविष्य निर्वाह निधी कापला जातो. ते म्हणतात, "मालकाने मला कधी अरेतुरे केलं नाही."

दुसरा सव्वीस वर्षांचा. सात महिन्यांत सोडून आला. त्याच्या गाडीच्या दारावर त्याच कंपनीचे नाव होते, पण गाडी कंपनीची नव्हती. ती एका तिसऱ्याच माणसाने कंपनीला लावलेली 'अटॅच' गाडी होती. त्याला महिन्याचा पगार नव्हता, ट्रिपवर पैसे होते. शहादा तालुक्यातली पपई भरायची आणि दिल्लीच्या मंडीत पोचवायची. हजार किलोमीटरहून जास्त अंतर. एकदा सात दिवसांची म्हणून ठरलेली फेरी अकरा दिवसांवर गेली. जाताना टायर फुटला, मंडीत गाडी खाली व्हायला वेळ लागला, परतीचा माल दोन दिवस मिळाला नाही. भत्ता सातच दिवसांचा मिळाला. वर डिझेल जास्त लागले म्हणून कपात झाली आणि माल उशिरा पोचला म्हणून आणखी कपात झाली. हिशोब तोंडी. कागद मागितला तेव्हा मुनीम म्हणाला, "तू आमचा माणूसच नाहीस, गाडीमालकाला विचार." गाडीमालक म्हणाला, "भाडं कंपनीनेच कापलं, मी कुठून देऊ?"

वेळेचा बोजा कोणावर?

ट्रकच्या धंद्यात पैशाची साखळी अशी असते: मालधनी, मग ट्रान्सपोर्ट किंवा एजंट, मग गाडीमालक आणि शेवटी ड्रायव्हर. भाडे टनावर किंवा फेरीवर ठरते. डिझेल, टोल, हप्ता, टायर हे खर्च टळत नाहीत. या सगळ्यात ताणता येईल अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ड्रायव्हरचा वेळ. गाडी उभी राहिली तर नुकसान कोणी सोसायचे, हा या धंद्यातला मूळ प्रश्न आहे. पहिल्या ड्रायव्हरच्या बाबतीत ते कंपनी सोसते. दुसऱ्याच्या बाबतीत ते प्रत्येकाने खाली ढकलले आणि शेवटी त्याच्या अंगावर आले, कारण त्याच्या खाली कोणीच नव्हते.

मालाचाही फरक पडतो. सिमेंट रांगेत चार दिवस थांबले तरी नासत नाही. पपई मात्र झाडावरून उतरली की तिचे दिवस मोजायला सुरुवात होते. कागदात गुंडाळून भरलेली गाडी उशिरा पोचली की व्यापारी भाडे कापतो. आपल्याकडे पपईच्या हंगामात शेतकरी आणि व्यापारी यांच्यात दरावरून वाद होतात, बैठका होतात, बातम्या येतात. शेतकऱ्याला दर मिळालाच पाहिजे, यात वाद नाही. पण ती पपई दोन रात्री जागून सेंधवा, इंदूरमार्गे उत्तरेकडे नेणाऱ्या माणसाचा दर कोणत्याच बैठकीत निघत नाही.

घड्याळ फक्त नासक्या मालालाच असते असेही नाही. ज्या मालाला ई-वे बिल लागते, त्या बिलाची मुदत १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. त्याआधी ती १०० किलोमीटरला एक दिवस होती. जीपीएसमुळे गाडी कुठे उभी आहे हे ऑफिसात बसून दिसते. ड्रायव्हर किती तास झोपलेला नाही, हे मात्र त्या पडद्यावर दिसत नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जवळपास निम्म्या ट्रकचालकांनी थकलेले किंवा झोप आलेली असतानाही गाडी चालवत असल्याचे सांगितले होते. ट्रिपवर पैसे मिळणारा माणूस झोपला की त्याचीच कमाई कमी होते, हे लक्षात घेतले तर या उत्तराचे नवल वाटत नाही.

'भरवशाचा माणूस' कसा ठरतो?

कंपनीची गाडी आणि महिन्याचा पगार कोणाला मिळतो, असे आम्ही पहिल्या ड्रायव्हरलाच विचारले. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "ओळखीवर. माझे मामा आधी तिथे होते." समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही ज्याला सामाजिक भांडवल म्हणून शिकलो, ते इथे मामाच्या रूपाने भेटले. लाखो रुपयांची गाडी आणि माल मालक 'भरवशाच्या' माणसाच्याच हाती देतो. हा भरवसा बहुतेक वेळा नात्यातून, जातीतून आणि गावच्या ओळखीतून येतो. ज्याच्या घरातला तो पहिलाच ड्रायव्हर आहे, त्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नसते. त्याच्या वाट्याला अटॅच गाडी, तोंडी बोली आणि नासका माल येतो.

नंदुरबार जिल्ह्यात हे जास्त जाणवते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि साक्षरतेचे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. व्यावसायिक वाहन चालवण्यासाठी आठवी पासची अट होती. ती काढून टाकण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१९ मध्ये घेतला. शाळा सुटलेल्या कितीतरी कष्टाळू मुलांसाठी दार उघडले, हे चांगलेच झाले. पण ज्याला बिल्टी, चलन आणि हिशोबाची चिठ्ठी वाचता येत नाही, त्याला फसवणेही सोपे झाले. सरकारने दार उघडले, पण आत गेल्यावर हिशोब समजावून सांगणारे कोणी ठेवले नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी आणि पगारी रजा हे सगळे त्यात होते. लांब पल्ल्यासाठी परवानगीने दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत मुभा होती. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. कारखान्याच्या भोंग्यात निदान सुट्टीची वेळ तरी वाजते. ट्रकच्या केबिनमध्ये तो भोंगा कधी पोचलाच नाही, कारण तास मोजणारा कोणी नव्हता.

१९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. कामगार सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती याविषयीच्या संहितेत हा आकडा दहा झाला आहे. सहा-सात माणसांवर चालणारे छोटे ट्रान्सपोर्ट आपल्याकडे गावोगाव आहेत. जुन्या कायद्यात ते बसत होते, नव्या व्याख्येत बसत नाहीत. आणि मोठ्या कंपनीने निम्म्या गाड्या अटॅच दाखवल्या की तिथले ड्रायव्हर 'आमचे नाहीत' म्हणायला ती मोकळी.

नव्या संहितांमध्ये उपयोगाच्या गोष्टीही आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. वेतन संहितेला कामगारांच्या संख्येची अट नाही. किमान वेतन प्रत्येकाला लागू आहे. महिन्याच्या पगाराची रक्कम पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाली पाहिजे. एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही. ताब्यात दिलेल्या मालाच्या नुकसानीपोटी पैसे कापायचे तर ते नुकसान त्या कामगाराच्या हलगर्जीपणामुळेच झालेले असले पाहिजे. टायर फुटणे आणि मंडीतली रांग हा ड्रायव्हरचा हलगर्जीपणा होत नाही. म्हणजे दुसऱ्या ड्रायव्हरकडे भांडायला कायदा होता. नव्हता तो पुरावा.

अपघाताच्या वेळी हा पुरावा सगळ्यात महागात पडतो. गाडीच्या विम्यातले सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकासाठी असते. पगारी ड्रायव्हरच्या कुटुंबाला नुकसानभरपाई मागायची तर तो या गाडीवर, या मालकाकडे कामाला होता हे आधी सिद्ध करावे लागते. सगळे तोंडी असेल तर नवरा गमावलेल्या बाईने ते कशाच्या जोरावर सिद्ध करायचे?

एकी भीतीत होते, पगारात का होत नाही?

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रकचालकांनी चाके थांबवली. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कारण होते भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(२). अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद त्यात आहे. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, पण हे पोटकलम स्थगित ठेवले गेले. ड्रायव्हर एकत्र आले तर सरकारही थांबते, हे तेव्हा दिसले.

मग तीच एकी पगारासाठी, भत्त्यासाठी का दिसत नाही? आमच्या मते उत्तर सरळ आहे. तुरुंगाची भीती सगळ्यांना सारखी होती. कामाच्या अटी मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या आहेत. महिन्याच्या पगाराचा ड्रायव्हर ट्रिपवाल्याला कामचुकार समजतो, ट्रिपवाला त्याला मालकाचा चमचा म्हणतो. आमच्या त्या दोघांचेही एकमेकांविषयी थोडेफार असेच मत होते. या भांडणात ट्रान्सपोर्टवाल्याला काहीच करावे लागत नाही.

केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालट्रकमध्ये वातानुकूलित केबिन सक्तीची केली. वैशाखात केबिनमध्ये बसून पाहिलेल्या माणसाला याची किंमत कळते. पण थंड केबिनमध्येही माणूस अठरा तास जागाच राहणार असेल, तर निम्माच प्रश्न सुटला. छोट्या ट्रान्सपोर्टसाठी पाचचा जुना आकडा परत आणा आणि अटॅच गाडीवरच्या ड्रायव्हरची जबाबदारी ज्याच्या नावाने माल जातो त्या कंपनीवरही टाका, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांपुढे गेली पाहिजे.

गाडीवर चढण्याआधी

त्या मुलाला आम्ही 'जा' किंवा 'जाऊ नको' असे सांगितले नाही. पाच प्रश्न लिहून दिले. गाडी कंपनीची की अटॅच? पैसे महिन्यावर की ट्रिपवर? गाडी उभी राहिली तर त्या दिवसांचा भत्ता कोण देणार? डिझेल, टायर, ओव्हरलोडचा दंड यातले माझ्यावर काय येणार? आणि हे सगळे कागदावर कोण लिहून देणार? लिहून देत नसतील तर ठरलेले बोलणे मोबाईलवर मेसेज करून पाठवायचे, प्रत्येक बिल्टीचा फोटो काढायचा आणि तो घरच्यांना पाठवून ठेवायचा. निघाल्याची आणि गाडी खाली झाल्याची तारीख एका वहीत लिहायची. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी ही वही त्याच्या बहिणीने किंवा बायकोने ठेवावी. म्हसावदमध्ये दर महिन्याला एकदा गावी असलेल्या ड्रायव्हरांनी एकत्र बसून हिशोब ताडून पाहावा, असे आम्ही ठरवत आहोत. पगारवाले आणि ट्रिपवाले एकाच सतरंजीवर बसले, तरी सुरुवात होईल.

मुलगा तो कागद घेऊन कंपनीत गेला. चार प्रश्नांची उत्तरे त्याला तोंडी मिळाली. पाचव्याला मुनीम हसला आणि म्हणाला, "आधी एक फेरी तर मार." मुलाने अजून गाडी घेतलेली नाही. घरी दोन बहिणी आहेत, वडिलांना काम होत नाही. तो फार दिवस थांबू शकणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. तो एकटा अडून बसला तर मुनीम दुसरा मुलगा शोधेल. म्हसावदचे दहा ड्रायव्हर तोच कागद घेऊन गेले, तर मुनीमाला लिहून द्यावे लागेल.