पुनर्विकासाच्या करारात नसलेला रहिवासी

मुंबई, ठाणे, पुण्यात ३०-४० वर्षे जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास सध्या जोरात आहे. चटईक्षेत्र, कॉर्पस, भाडे, दलाली, सामान हलवण्याचा खर्च यांवर महिनोन्महिने खल होतो आणि एका ठरलेल्या तारखेला सगळी कुटुंबे भाड्याच्या घरांत पांगतात. घरातल्या कुत्र्याचा विचार बहुधा शेवटच्या आठवड्यात होतो, तोही ‘आपण सोबत आहोत, त्याला आणखी काय हवे’ एवढाच. मग पंधरा दिवसांत नव्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो : दिवसभर भुंकतो, शेजाऱ्यांची तक्रार आहे.

कुटुंबाच्या लेखी हे तीन-चार वर्षांचे तात्पुरते स्थलांतर असते. १२-१३ वर्षांचे आयुष्य असलेल्या प्राण्यासाठी तो आयुष्याचा पाव हिस्सा आहे. शिवाय घर किमान दोनदा बदलते. घरमालकाने अकरा महिन्यांनी करार वाढवला नाही, तर तीनदा.

कुत्र्याचे घर म्हणजे मुख्यतः वास आणि आवाज. दूधवाल्याची पावले कोणती, वरच्या मजल्यावर सरकणारी खुर्ची कोणती, हे जुन्या घरात त्याला पाठ असते. त्यामुळे तो तिकडे लक्ष न देता झोपू शकतो. नव्या घरात प्रत्येक आवाज अनोळखी, म्हणून प्रत्येक आवाजाला उठणे आले. शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात, भूक मंदावते, शौचाला पातळ होते. उकाडा नसताना धापा टाकणे, सारखे ओठ चाटणे, जांभया देणे, येरझाऱ्या घालणे ही त्याचीच लक्षणे. घरात लघवी केली की ‘मुद्दाम करतोय’ म्हणून त्याला ओरडा बसतो. पण ही भीती असते, सूड नव्हे. ओरडण्याने ती वाढतेच.

जुन्या तीन मजली इमारतीतून चौदाव्या मजल्यावर गेलेल्या कुत्र्याला तर आणखी दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. पहिली लिफ्ट. पायाखालची जमीन हलते आणि दार उघडल्यावर बाहेर वेगळेच जग असते, हे त्याला कोणी समजावून सांगू शकत नाही. ओढत आत नेण्यापेक्षा दुपारच्या निवांत वेळी खाऊ देत नुसते आत-बाहेर करणे, मग एकच मजला जाणे, हा मार्ग लवकर पोहोचवतो. दुसरी गोष्ट लघवीची. लहानपणापासून ज्या पृष्ठभागाची सवय लागते, तोच कुत्र्याला ‘शौचाची जागा’ वाटतो. मातीची सवय असलेला कुत्रा पेव्हर ब्लॉकवर अर्धा तास फिरतो, काही करत नाही, आणि वर येऊन पायपुसण्यावर करतो. अशा वेळी जुन्या आवारातली घमेलेभर माती ट्रेमध्ये घालून सोबत नेली, तर ती खूप काम करते.

नव्या घरात सगळे स्वच्छ हवे म्हणून त्याचे अंथरूण धुऊन नेण्याचा मोह टाळावा. न धुतलेली जुनी चादर हा त्याच्यासाठी घराचा एकमेव ओळखीचा तुकडा असतो. सामान हलवण्याच्या दिवशी दारे सताड उघडी असतात, हमालांची ये-जा असते. कुत्रे निसटतात ते याच वेळी. त्या दिवशी त्याला ओळखीच्या माणसाकडे ठेवावे आणि पट्ट्यावर चालू मोबाइल क्रमांक असावा. जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा मात्र बदलू नयेत.

सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच आहे. घरातले सगळे आठवडाभर रजा घेतात, कुत्रा रमल्यासारखा दिसतो आणि सोमवारी तो एकदम नऊ तास एकटा पडतो. घर बदलणे हे एकटेपणाची तीव्र चिंता सुरू होण्याचे एक परिचित कारण आहे. म्हणून त्या रजेतच दोन मिनिटे, पाच, पंधरा असे त्याला एकटे ठेवत जावे. तो शांत राहिला तरच वेळ वाढवावी. जुना मोबाइल कॅमेरा म्हणून लावला, तर खरे चित्र कळते. रस्त्याकडे पाहून भुंकणे वेगळे. माणूस बाहेर पडताच दार ओरबाडणे, लाळ गाळणे, विव्हळणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात पशुवैद्यकांकडे जायलाच हवे. चिंतेवर औषधे आहेत, पण त्यांतल्या काहींचा परिणाम दिसायला आठवडे लागतात, त्यामुळे भित्र्या कुत्र्याबाबत हे बोलणे घर सोडण्याआधीच व्हावे. माणसांच्या झोपेच्या गोळ्या हा उपाय नव्हे. म्हाताऱ्या, दृष्टी अधू झालेल्या कुत्र्याने तर जुने घर पाठ केलेले असते. त्याच्यासाठी नव्या घरातले फर्निचर एकदा लावले की हलवू नये.

सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे. भाडेकरूला त्याचा आधार अपुरा पडतो, कारण करार वाढवायचा की नाही, हे घरमालकाच्या हाती असते. पहिल्या महिन्यातले भुंकणे म्हणूनच केवळ भुंकणे राहत नाही. त्यातून ‘गावाकडे सोडून येऊ’ इथपर्यंत गोष्ट जाते. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, ही आठवणही तेव्हा कोणाला नसते.

पाळीव कुत्र्यासोबत निदान त्याची माणसे जातात. सोसायटीच्या आवारातल्या भटक्या कुत्र्यांची माणसेच एका आठवड्यात नाहीशी होतात. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात, की नसबंदी केलेला कुत्रा पकडला त्याच ठिकाणी परत सोडावा. पण इथे ते ठिकाणच पत्रे ठोकलेला खड्डा झालेले असते. घरे रिकामी होण्याआधी या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस उरकणे, खाणे देण्याची जागा रोज थोडी थोडी शेजारच्या गल्लीकडे सरकवणे आणि तिथल्या लोकांशी बोलून ठेवणे, एवढे करायला महिना-दीड महिना पुरतो. घरे रिकामी करण्याची नोटीस त्याच्या बरीच आधी आलेली असते.