समुद्र उसना घेताना

भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराकडे जाणारी लाँच मोठ्या ओहोटीला बंद ठेवावी लागते. एकदा मी असाच धक्क्यावर अडकून पडलो. चौकशी केली, तर उत्तर मिळाले, "पाणी नाही!" समोर डोळ्यांत न मावणारा समुद्र आणि पाणी नाही? शेजारी टोपली घेऊन बसलेल्या कोळणीने हसून खुलासा केला, "पाणी हाय दादा, पन खाली गाळ केवढा!"

त्या एका वाक्यात बंदरबांधणीचे अर्धे शास्त्र आले. मोऱ्याच्या लाँचला जो गाळ अडवतो, तोच पलीकडे न्हावा-शेव्याच्या अजस्र जहाजांनाही छळतो. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदराचा जलमार्ग आता सुमारे पंधरा मीटर खोल केला आहे. पण खाडीच्या मुखाशी चर खणला, की भरती-ओहोटीबरोबर फिरणारा चिखल त्यात येऊन बसतो. दरवर्षी उपसा, दरवर्षी खर्च. जहाजे जेवढी मोठी, तेवढा चर खोल. आणि चर जेवढा खोल, तेवढा गाळ अधिक.

म्हणूनच नजर गेली पालघर जिल्ह्यातील वाढवणकडे. तिथे किनाऱ्यापासून फार दूर न जाता सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोली मिळते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी तेथे पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये, समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध. ज्या डहाणू प्राधिकरणाने १९९८ साली इथल्या बंदराला नकार दिला होता, त्यानेच २०२३ च्या जुलैमध्ये अटींसह संमती दिली.

मी बंदरांचा विरोधक नाही. आपल्या घरातल्या कितीतरी वस्तू कधी ना कधी त्या लोखंडी पेटाऱ्यातून प्रवास करून आलेल्या असतात. पण 'शाश्वत विस्तार' हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. चार झाडे लावली, दिवे सौरऊर्जेवर चालवले, की झाले शाश्वत! खरी कसोटी वेगळी आहे. समुद्रात बांध घातला, की प्रवाह वळतो; एका ठिकाणची वाळू जाते, दुसरीकडे गाळ साचतो, मासळी जागा बदलते. हा हिशेब कधी मांडायचा, बांधण्याआधी की नंतर?

हॉलंडमधील रॉटरडॅमने तो आधी मांडला, तोही न्यायालयाने कान धरल्यावर. समुद्रात सुमारे दोन हजार हेक्टरांची भर घालण्याचा त्यांचा आराखडा २००५ च्या जानेवारीत अडकला. भरावामुळे माशांची पिल्ले आणि गाळ दूरच्या वाडन समुद्राकडे कसे वाहतील, याचा अभ्यास अपुरा होता, हे त्याचे एक कारण. अभ्यास झाला, काम २००८ साली सुरू झाले. बदल्यात २५ हजार हेक्टर सागरतळ संरक्षित केला आणि नवे वाळूचे डोंगर उभारले. एवढेच नव्हे, तर २०३५ पर्यंत नव्या धक्क्यांवरून देशात जाणारे ३५ टक्क्यांहून अधिक कंटेनर रस्त्याने जाऊ नयेत, बाकीचे जलमार्गाने आणि रेल्वेने जावेत, ही अट चालकांच्या करारातच घातली.

आपल्याकडे? न्हावा-शेव्याच्या चौथ्या टर्मिनलवरून तंटा झाला, तेव्हा २०१५ साली हरित लवादाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई देण्याचा निवाडा दिला. म्हणजे आधी नुकसान, मग दावा, मग हिशेब. बंदरासाठी हलवलेल्या शेवा कोळीवाड्याची माणसे हनुमान कोळीवाड्यात वसवली, तर तिथली घरे वाळवीने पोखरली. प्रकल्पग्रस्तांच्या विकसित भूखंडांची पत्रे वाटली गेली २०१४ साली. बंदर तोवर पंचवीस वर्षांचे झाले होते. आणि उरणकरांना विचारा, कंटेनरच्या ट्रेलरांमागे रांगेत त्यांच्या आयुष्याचे किती तास गेले!

वाढवणला ही चूक टाळता येईल, कारण अजून बरेच काम व्हायचे आहे. बोटींची आणि मासळीची मोजदाद आजच व्हावी, म्हणजे उद्या कोणी 'इथे मासळी होतीच कुठे' असे म्हणू शकणार नाही. प्रवाह आणि गाळाची दरवर्षीची मोजमापे लोकांपुढे मांडावीत. रेल्वेचा वाटा भाषणात न ठेवता करारात लिहावा. आणि भरपाई पहिले जहाज लागण्याआधी घरात पोहोचावी.

समुद्र आपल्या मालकीचा नाही. आपण तो उसना घेतो. उसने घेतलेल्याचा हिशेब वेळीच ठेवला नाही, तर तो गाळासारखा तळाशी साचत राहतो. मग एक दिवस समोर अथांग समुद्र असतो, आणि पाणी मात्र नसते.