घरी बांधलेले चित्रपुस्तक

चित्र काढण्यास सांगितले म्हणजे पुष्कळ मुलांच्या वहीत एकच देखावा उमटतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीतून वर येणारा सूर्य, वळणे घेत जाणारी नदी, काठावर एक झोपडी व तिच्या शेजारी नारळाचे झाड. कोकणातील मुलगा हा देखावा काढतो आणि जेथे नारळ क्वचितच दृष्टीस पडतो अशा विदर्भातील गावची मुलगीही तोच काढते. हा देखावा वाईट आहे असे नव्हे. परंतु तो काढणाऱ्याने पाहिलेला नसतो. एका वहीतून दुसऱ्या वहीत तो उतरत आलेला असतो.

धाकट्या भावंडासाठी घरच्या घरी चित्रपुस्तक करावे, असे अनेक मुलांच्या मनात येते. विचार उत्तम आहे. पण त्या पुस्तकातही तोच डोंगर आणि तोच सूर्य यावयाचा असेल, तर बाजारातून पुस्तक आणलेले काय वाईट? तेथील छपाई तरी सुबक असते. घरचे पुस्तक करावयाचे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींचेच करावे.

इंग्लंडमध्ये १८६६ साली जन्मलेल्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटर हिने असेच केले. ती कधी शाळेत गेली नाही. लंडनमधील घरात ती व तिचा भाऊ ससे, उंदीर, सरडे, वटवाघळे असले प्राणी पाळीत आणि तासन्‌तास त्यांची चित्रे काढीत. उन्हाळ्यात हे कुटुंब स्कॉटलंडमध्ये राहावयास जाई. तेथे १८७५ साली तिने कागद एकत्र शिवून एक लहानशी वही केली आणि तीत सुरवंटांची चित्रे काढून त्यांच्याविषयी टिपणेही लिहिली. तेव्हा ती जेमतेम आठ-नऊ वर्षांची होती. पुढे १८९३ साली, आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेचा लहान मुलगा आजारी पडला असता, त्याच्या करमणुकीसाठी तिने पत्रातून चार सशांची गोष्ट चित्रांसह लिहून पाठविली. त्या पत्राचेच नंतर पुस्तक झाले. अनेक प्रकाशकांनी ते नाकारले. तेव्हा १९०१ मध्ये तिने स्वखर्चाने २५० प्रती छापून घेतल्या. पुढील वर्षी एका प्रकाशकाने ते रंगीत चित्रांसह प्रसिद्ध केले, आणि आज ते अनेक भाषांत वाचले जाते. गोष्टीतील ससा निळा कोट घालतो, ही तर निव्वळ कल्पना! परंतु त्या कोटाच्या आतील ससा खरा आहे. त्याचे कान, त्याच्या मागच्या पायांची घडण, दचकून थबकण्याची त्याची रीत, हे सारे तिने आपल्या पाळीव सशाकडे पाहून टिपले होते.

सुरवंट पाहावयास स्कॉटलंड गाठावे लागत नाही. परसातील कागदी लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे झाड पुरे. त्याच्या कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, फिकट पिवळे असे एखादे अंडे आढळते. त्यातून निघालेली अळी काळसर-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मग तिला खावयास कोण येणार? मोठी झाल्यावर तीच अळी पानासारखी हिरवीगार होते. तिला काडीने हलकेच स्पर्श केला, तर डोक्यामागून तांबूस, दुभंगलेले शिंग बाहेर काढते व उग्र वास सोडते. पुढे एका रेशमी धाग्याचा कमरपट्टा करून ती फांदीला टेकून राहते आणि तिचा कोष होतो. उष्ण दिवसांत हे सारे साधारणतः तीन-चार आठवड्यांत आटोपते. यापरते चांगले कथानक कोणत्या लेखकाला सुचले असते?

‘आम्हांला चित्र काढता येत नाही,’ अशी तक्रार येथे हमखास निघते. ती खरी असेलही, परंतु तिच्यामुळे काही अडत नाही. अळीला पाय किती? डोक्याजवळ सांध्यांचे तीन जोड व मागे मांसल पायांचे पाच जोड. हे मोजून काढलेले वेडेवाकडे चित्र, न मोजता गिरविलेल्या सफाईदार चित्राहून सरस होय. वडीलधाऱ्यांनी अशा चित्रावर रबर फिरवून ‘मदत’ करण्याचा मोह मात्र आवरावा. पाच वर्षांच्या धाकट्या बहिणीला रेषेची सफाई नको असते; आपल्या ताईने काढलेली अळी खरोखर झाडावर आहे ना, एवढेच तिला तपासून पाहावयाचे असते.

बांधणीचे काम सोपे आहे. चित्रकलेचे चार जाड कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की सोळा पृष्ठे होतात. घडीवर दाभणाने तीन भोके पाडून मजबूत दोऱ्याने टाके घालावेत आणि जुन्या वहीचा पुठ्ठा खळीने चिकटवावा. हळदीचा रंग सुरेख दिसतो, पण उन्हात उडतो. म्हणून पुस्तक सावलीत ठेवावे. प्रत्येक चित्राखाली तारीख अवश्य घालावी, आणि अळी बरणीत कोंडून न ठेवता झाडावरच राहू द्यावी.

झाडावर राहू दिल्याने कधी फजितीही होते. एखाद्या सकाळी पाहावे तो कोष फाटलेला व फुलपाखरू उडून गेलेले. अशा वेळी दुसऱ्या पुस्तकातील फुलपाखरू उतरवून शेवटचे पान सजवू नये. रिकाम्या कोषाचे चित्र काढावे, खाली तारीख लिहावी आणि पुढील पान कोरे ठेवावे. लिंबाला नवी पालवी फुटली, म्हणजे त्या पानासाठी पुन्हा झाडाखाली जाऊन बसता येईल.