समुद्रावर ‘सहज’ जाता येतं का?

नगरपालिकेची निवडणूक आली की कोकणपट्टीतल्या प्रत्येक जाहीरनाम्यात एक शब्द ठरलेला असतो, ‘किनाऱ्याचं सुशोभीकरण’. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यात नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी बऱ्याच गावांत काही वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. आता लोकांनी निवडलेले नगरसेवक आले आहेत आणि निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. म्हणूनच म्हटलं, ‘शोभा’ येण्याआधी आपण जरा बोलून घ्यावं.

मागच्या रविवारी संध्याकाळी मी अलिबागच्या समुद्रावर दोन तास नुसती बसले होते. अलिबागचं एक बरं आहे, समुद्र गावाला लागूनच. एसटी स्टँडवर उतरलं की बाजारातून चालत जाता येतं. समोर कुलाबा किल्ला, ओहोटीच्या वेळी तिकडे पायी जाणारी माणसं, घोडागाड्या, भेळ, बर्फाचा गोळा, शहाळी. गर्दी तर विचारू नका! मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून मुंबईकर स्वतःच्या गाडीसकटच बोटीतून उतरतो. शनिवार-रविवारी त्या गाड्यांमधून वाट काढत आपण किनाऱ्याला पोचायचं.

बसल्या बसल्या मी मोजत होते. मोटारसायकलला टेकून, कठड्यावर पाय सोडून एकटे बसलेले पुरुष कितीतरी. बायकाही भरपूर होत्या, पण कुणाच्या कडेवर मूल, कुणाबरोबर सासूबाई, कुणी नवऱ्याच्या दोन पावलं मागे. एकट्या अशा दोघीच. एक भेळवाली आणि दुसरी मी. माझ्याही मांडीवर भाजीची पिशवी होतीच, कुणी ओळखीचं भेटलं तर सांगायला कारण हवं ना!

मुंबईतल्या बायकांचा असाच अभ्यास करून शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. बाई रस्त्यावर दिसली की तिच्याकडे काहीतरी काम असलं पाहिजे, अशी अपेक्षा असते; काम नसताना रेंगाळण्याचा हक्क तिला का नाही, असा त्यांचा प्रश्न. मुंबईत ही गत, मग जिथे चार घरं सोडून मामेसासऱ्यांचं दुकान आहे, त्या गावात काय सांगावं?

आता यात सुशोभीकरण कुठे बसतं? कारंजं आणि सेल्फी पॉइंट हे गाडीतून येणाऱ्या पाहुण्यासाठी. आपल्याला हवा बाजारापासून वाळूपर्यंत धक्के न खाता चालता येईल असा रस्ता, सलग दिवे, पाठ टेकता येईल असं बाक आणि रात्री नऊलाही उघडं असलेलं स्वच्छतागृह. त्याचं कुलूप पाहून संध्याकाळी पाणी न पिणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत.

गाड्या थांबवायच्या म्हटलं की व्यापारी दचकतात. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात १९७२ मध्ये महापौर जैमी लर्नर यांनी भर बाजाराचा रस्ता एका शनिवार-रविवारात फक्त चालणाऱ्यांसाठी करून टाकला. आधी विरोध करणारे दुकानदार पुढे म्हणू लागले, आमच्याही दारापर्यंत आणा. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर पादचाऱ्यांना मोकळा मिळतो. वर्षातून एकच दिवस, हेही खरंच. आणि आपल्याच जिल्ह्यातलं माथेरान? मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात, पुढे चालायचं किंवा घोड्यावर बसायचं. मात्र तिथे माणसानं माणसाला ओढायच्या हातरिक्षा वर्षानुवर्षं चालल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलं. गुडघे धरलेल्या सासूबाईंना समुद्रावर कसं न्यायचं, हे गाड्या अडवण्याआधी ठरवायला हवं ते यासाठी.

माझी खरी काळजी त्या भेळवालीची आहे. सुशोभीकरणात पहिली उचलबांगडी हातगाड्यांची होते. किनारा मग चकचकीत दिसतो, पण दिवेलागणीनंतर ओसाड. तिची गाडी, तिचा कंदील होता म्हणून तर मी तिच्या शेजारी निर्धास्त बसले! तिच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. विक्रेत्यांचं सर्वेक्षण झाल्याशिवाय आणि परवाने दिल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. कुणी कुठे बसायचं यात नगर पथविक्रेता समितीचं मत लागतं. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. तुमच्या वॉर्डातल्या नगरसेविकेला हळदीकुंकवाला बोलवाल, तेव्हा वाण देता देता विचाराच, आपल्या गावात ही समिती आहे का, आणि मासे-भाजी विकणाऱ्यांपैकी कोण बाई तिच्यावर आहे?