परत आलेल्या यानांचा हिशेब

यंत्र विकत घेतले की त्या दिवसापासून घसारा सुरू होतो, हे आपल्या व्यापारी घरांतील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तुमसरच्या राईस मिलमधील मोटार असो वा सिहोऱ्यातील दुकानाचा काटा, उपयोग संपला की वस्तू भंगाराच्या भावावर येते. माणसे घेऊन अंतराळात गेलेल्या यानांचा हिशेब मात्र इतका सरळ नाही.

आपल्याला सर्वांत जवळचे यान राकेश शर्मा यांचे. ३ एप्रिल १९८४ रोजी ते सोयूझ टी-११ मधून गेले, हे अनेकांच्या स्मरणात आहे; परंतु ११ एप्रिलला ते परतले ते सोयूझ टी-१० मधून. हे यान फेब्रुवारीपासून सॅल्यूत-७ या अंतराळस्थानकाला जोडलेले होते. अवकाशात नुसत्या उभ्या असलेल्या यानालाही मुदत असते. म्हणून पाहुण्यांनी जुने यान घेऊन परतावे आणि नवे यान दीर्घ मुक्कामाच्या मंडळींसाठी ठेवावे, अशी व्यवस्था होती. जुना माल आधी काढावा, हा आपल्या गोदामाचाच नियम!

सोयूझच्या तीन भागांपैकी केवळ मधला कक्ष जमिनीवर उतरतो; उरलेले दोन वातावरणात जळून जातात. शर्मा यांना परत आणणारा कक्ष आज दिल्लीच्या तीन मूर्ती आवारातील नेहरू तारांगणात आहे, आणि त्यांचा अंतराळपोशाखही तेथेच आहे. मालखरेदीसाठी दिल्लीस जाणाऱ्यांनी तासभर वेळ काढून मुलांना तो अवश्य दाखवावा. सुमारे २.२ मीटर व्यासाच्या त्या कक्षात तीन माणसे बसून आली, यावर प्रत्यक्ष पाहिल्यावाचून विश्वास बसत नाही.

सॅल्यूत-७ च्या नशिबी संग्रहालय नव्हते. फेब्रुवारी १९९१ मध्ये ते अनियंत्रित अवस्थेत खाली आले आणि त्याचे तुकडे अर्जेंटिनात विखुरले. आकाशातून धातू पडणे म्हणजे काय, हे आपल्या विदर्भानेही पाहिले आहे. २ एप्रिल २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी येथे, धातूचे भले मोठे कडे येऊन पडले होते. ते अर्थात रॉकेटचे अवशेष होते, माणसे नेणाऱ्या यानाचे नव्हेत.

अमेरिकेचे लिबर्टी बेल-७ हे यान १९६१ मध्ये अंतराळवीर सुखरूप बाहेर पडल्यावर अटलांटिक महासागरात बुडाले. ते ३८ वर्षांनी, १९९९ मध्ये, समुद्रतळावरून वर काढण्यात आले. आता काळ पालटतो आहे. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला ज्यातून गेले आणि परतले, ते ‘ग्रेस’ यान पुन्हा पुन्हा उड्डाणे करण्यासाठीच बांधलेले आहे.

परंतु मला अधिक विचार करावयास लावतात ती दोन याने, जी सुखरूप परतली नाहीत. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले; सात जण दगावले. चौकशी आटोपल्यावर त्याचे अवशेष केप कॅनाव्हेरल येथील क्षेपणास्त्रांच्या दोन जुन्या विहिरींत उतरवून वर काँक्रीटचे झाकण घालण्यात आले. बँकेत बुडीत खाते निर्लेखित करून फाइल तळघरात टाकावी, तसाच हा प्रकार. त्यामागील दुःख समजण्यासारखे आहे. निर्णय मात्र मला पटत नाही. ते खाते का बुडाले, हे पुढच्या अधिकाऱ्याने कोठून शिकावे?

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया परतताना भंगले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता. कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले. १९९७ मधील त्यांचे पहिले उड्डाणही याच यानातून झाले होते. या वेळी नासाने वेगळा मार्ग धरला. टेक्सास आणि आसपासच्या प्रदेशांतून सुमारे ८४,००० तुकडे गोळा झाले. यानाच्या वजनाच्या मानाने ते जेमतेम ३८ टक्के. ते पुरले नाहीत. फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्राच्या एका उंच इमारतीत ते जपून ठेवले आहेत. तीव्र उष्णतेत धातू, काच आणि फरशा कशा वागतात, हे अभ्यासणाऱ्या संस्थांना त्यांतील तुकडे रीतसर नोंद करून उसने दिले जातात.