वेताळांच्या मोजणीत ज्यूली नाही

मैत्रिणींनो, वेताळ मला आवडतो. त्याची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि १९९० साली बंद पडली, पण सोलापुरात रद्दीच्या दुकानात मी आजही ती धुंडाळते. 'चळवळीतली बाई असलं पुरुषी वाचते?' असं विचारणाऱ्यांनी आधी ते वाचावं. ली फॉकने १९३६ साली रंगवलेली डायना मुष्टियुद्ध खेळते, पुढे संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करते. आपल्या सिनेमातल्या तेव्हाच्या किती नायिकांना नोकरी होती?

माझं भांडण वेगळं आहे. बाप मेला की मुलगा मुखवटा चढवतो, असे २१ वेताळ झाले. त्यातला १७वा अंथरुणाला खिळला तेव्हा त्याची जुळी बहीण ज्यूली तोच पोशाख घालून जंगल राखते. भाऊ बरा होतो, ती पोशाख उतरवते. १८वा कोण? भावाचा मुलगा!

ही मोजणी आपल्या ओळखीची आहे. सोलापुरात विडी वळणाऱ्या कितीतरी घरांत सासूच्या कार्डावर सून विड्या वळते. पानं कापते, तोंडं मुडपते, दोरा बांधते. सासूचे डोळे गेले तरी हजार पुरे होतातच. प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर मात्र ही सून कुठेच नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं : घरच्यांची मदत असते हो.

मदत! ज्यूलीनेही मदतच केली म्हणायची.

पुढच्या मेळाव्यात मी ही गोष्ट सांगणार आहे. येताना सुनांना घेऊन या, स्वतःच्या नावाच्या कार्डासाठी अर्ज तिथेच भरू.